विन्स्लो दांपत्याची सिलोनयात्रा : हेतू आणि फलित



शतकपूर्ती साजरी करणाऱ्या मराठी ग्रंथालयाच्या व्यासपीठावर सिलोन बेटावर गेलेल्या एका अमेरिकन मिशनरी जोडप्याचे आख्यान कशासाठी, असा प्रश्न श्रोत्यांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर असे की, या आख्यानात शाळा आहे, छापखाना आहे आणि शब्दकोश आहे. ज्या तीन खांबांवर कोणतेही ग्रंथालय उभे राहते, ते हेच. शिवाय या कथेचा धागा एकदा नव्हे, अनेकदा मुंबईपर्यंत आणि मराठी मुद्रणापर्यंत येऊन पोचतो.

मिशनऱ्यांच्या कार्याविषयी आपल्याकडे दोन तयार मते आढळतात. एक मत त्यांना ज्ञानाचे दिवे मानते, तर दुसरे त्यांना धर्मांतराचे दलाल ठरवते. दोन्ही मते बाळगायला सोपी आहेत, कारण ती बाळगण्यासाठी फारसे वाचावे लागत नाही. मिरॉन विन्स्लो आणि हॅरिएट विन्स्लो यांचे चरित्र बारकाईने पाहिले, तर मात्र प्रश्न इतका सरळ राहत नाही. माणूस ज्या हेतूने घर सोडतो तो हेतू, आणि त्याच्या हातून जे मागे उरते ते फलित, यांत केवढे अंतर पडू शकते, हे या जोडप्याच्या कथेतून दिसते.

कथेचा आरंभ त्यांच्याही आधी, १८१२ सालात शोधावा लागतो. त्या वर्षी १९ फेब्रुवारीला अमेरिकेतील सेलम बंदरातून ‘कॅरॅव्हॅन’ नावाचे जहाज कलकत्त्यास निघाले. त्यावर दोन नवविवाहित जोडपी होती. अडोनिराम आणि ॲन जडसन हे एक, सॅम्युएल आणि हॅरिएट न्यूएल हे दुसरे. जडसन दांपत्य पुढे ब्रह्मदेशात गेले आणि त्याची हकिकत सुप्रसिद्ध आहे. न्यूएल दांपत्याच्या वाट्याला मात्र वणवण आली. ईस्ट इंडिया कंपनीला आपल्या मुलखात मिशनरी नको होते. धर्माच्या बाबतीत ढवळाढवळ झाली तर व्यापार आणि राज्य दोन्ही अडचणीत येतील, अशी तिची धास्ती होती. त्यातच जून १८१२ मध्ये इंग्लंड आणि अमेरिका यांच्यात युद्ध पेटले. न्यूएल दांपत्याला कलकत्ता सोडण्याचा हुकूम झाला. मॉरिशसच्या वाटेवर भर समुद्रात हॅरिएट न्यूएल प्रसूत झाल्या, मूल गेले आणि ३० नोव्हेंबर १८१२ रोजी त्या बेटावर त्यांनीही देह ठेवला. वय अवघे एकोणीस.

एकाकी झालेले सॅम्युएल न्यूएल १८१३ च्या प्रारंभी सिलोनला आले. येथे इतिहासातील एक बारीकशी गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. सिलोन १८०२ पासून कंपनीच्या अमलाखाली नव्हते, ते थेट ब्रिटिश राजसत्तेच्या ताब्यात होते. कलकत्त्यात जे निषिद्ध, ते कोलंबोत चालण्यासारखे होते. गव्हर्नर ब्राउनरिग यांची वृत्तीही अनुकूल होती. न्यूएल यांनी मायदेशी लिहून कळवले की, या बेटाच्या उत्तरेस जाफना येथे मिशनला वाव आहे. स्वतः ते १८१४ मध्ये मुंबईला आले. तेथे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट आधीच, १८१३ च्या फेब्रुवारीत, येऊन पोचले होते. १८२१ साली न्यूएल मुंबईतच पटकीने वारले. आपल्याकडे ज्याला अमेरिकन मराठी मिशन म्हणतात, ते आणि जाफनाचे मिशन ही अशी एकाच संस्थेची, बोस्टनच्या ‘अमेरिकन बोर्डा’ची, सख्खी भावंडे होत. १८१५ साली ‘ड्रायड’ नावाच्या जहाजातून सिलोनची पहिली तुकडी निघाली, तेव्हा त्याच जहाजात मुंबईस जाणारे होरेशिओ बार्डवेलही होते. या बार्डवेल यांच्याच देखरेखीखाली मुंबईत मिशनचा छापखाना सुरू झाला आणि १८१७ साली त्यातून मराठी पुस्तिका छापून बाहेर पडली.

जाफना हा सिलोनच्या उत्तर टोकाचा द्वीपकल्प. चुनखडीची सपाट जमीन, नदी नाही, पाणी विहिरींचे. ताडाची बने आणि तंबाखूची शेते. लोक तमिळभाषी, बहुसंख्य शैव, नल्लूरच्या कंदस्वामींचे भक्त. युरोपीय सत्ता त्यांना नवीन नव्हती. १६१९ मध्ये पोर्तुगीजांनी हे राज्य खालसा केले, १६५८ मध्ये डचांनी ते हिसकावले आणि १७९५ मध्ये ते इंग्रजांकडे गेले. गोमंतकाशी या भूमीचे नाते जुने आहे. बाणावलीत जन्मलेले, सांकवाळच्या घराण्यातले जोझे वाझ १६८७ साली गरीब मजुराच्या वेशात येथेच उतरले. त्या काळी डच अमलात कॅथलिक पाद्र्यांना बंदी होती, म्हणून हा वेश. १७११ मध्ये कँडीला त्यांचे निधन झाले आणि २०१५ साली कोलंबोत त्यांना संतपद जाहीर झाले. अमेरिकन मंडळींना कामासाठी जी ठिकाणे मिळाली, तेथे त्या आधीच्या दोन सत्तांच्या काळातली पडकी चर्चे उभी होती. छपरे कोसळलेली, भिंतींत झाडे उगवलेली. एका धर्मप्रयत्नाचे अवशेष साफ करून दुसऱ्याची सुरुवात झाली, असे म्हणता येईल.

अशा ठिकाणी विन्स्लो दांपत्य आले. हॅरिएट लॅथ्रॉप यांचा जन्म १७९६ चा, कनेक्टिकट प्रांतातील नॉर्विच गावचा. घर सुखवस्तू आणि धर्मनिष्ठ. रविवारच्या शाळेत मुलांना शिकवण्याचा अनुभव त्यांना लहान वयातच मिळाला होता. परदेशी मिशनमध्ये जाण्याची ओढ त्यांना विवाहापूर्वीच लागलेली होती. त्या काळच्या अमेरिकेत अविवाहित तरुणीला ती एकटीने पुरी करता येणे जवळजवळ अशक्य होते. मिरॉन विन्स्लो व्हर्मॉन्टचे, १७८९ चा जन्म, अँडोव्हरच्या धर्मविद्यालयात शिकलेले. निघण्यापूर्वी, १८१९ मध्येच, त्यांनी जगातील मिशनकार्याचा इतिहास सांगणारे एक पुस्तक प्रसिद्ध केले होते. जानेवारी १८१९ मध्ये दोघांचा विवाह झाला आणि ८ जून रोजी बोस्टन बंदरातून ‘इंडस’ या जहाजाने त्यांनी प्रस्थान ठेवले.

सोबत आणखी तीन जोडपी होती. लेव्हाय आणि मेरी स्पॉल्डिंग, हेन्री आणि लिडिया वुडवर्ड, आणि डॉ. जॉन स्कडर व त्यांच्या पत्नी हॅरिएट. आफ्रिकेला वळसा घालून कलकत्ता गाठायला ऑक्टोबर उजाडला. तेथे उतरताच स्कडर दांपत्याची तान्ही मुलगी दगावली. तिला त्या परक्या शहराच्या मातीत ठेवून ही मंडळी पुढे निघाली आणि १८१९ ची अखेर ते १८२० चा आरंभ या काळात टप्प्याटप्प्याने जाफन्यास पोचली. याच स्कडर घराण्यातील नात इडा स्कडर हिने पुढे वेल्लोरचे रुग्णालय उभारले, हे अनेकांना ठाऊक असेल.

बोटीतून निघताना या जोडप्याच्या मनात काय होते, याविषयी संभ्रम बाळगण्याचे कारण नाही. आपल्याजवळ एकमेव सत्य आहे, समोरचे लोक अंधारात आहेत आणि त्यांना त्यातून बाहेर काढणे हे आपले कर्तव्य आहे, हीच त्यांची श्रद्धा होती. ज्या समाजाजवळ दोन हजार वर्षांचे वाङ्मय होते, त्या समाजाकडे पाहण्याची ही दृष्टी आज खटकते आणि खटकलीच पाहिजे. परंतु हीच माणसे उतरल्या दिवसापासून त्या समाजाची भाषा शिकायला बसली. तमिळ पंडितापुढे बसून अक्षरे गिरवल्याशिवाय त्यांचे पाऊल पुढे पडणार नव्हते. उपदेश करायला आलेल्या माणसाला आधी विद्यार्थी व्हावे लागले.

१८२० च्या मध्यास विन्स्लो दांपत्य उडुविल या गावी राहायला गेले. जाफना शहरापासून हे गाव सुमारे पाच मैलांवर. तेवढ्यात एक राजकीय वादळ उठले. ब्राउनरिग गेले होते आणि त्यांच्या जागी आलेले सर एडवर्ड बार्न्स यांना अमेरिकनांविषयी प्रेम नव्हते. जेम्स गॅरेट नावाचे तरुण मुद्रक १८२० च्या ऑगस्टमध्ये जाफन्यास आले होते. छापखाना सुरू करण्यासाठी ते आले, आणि बार्न्स यांनी त्यांना तीन महिन्यांत बेट सोडण्याचा हुकूम दिला. आहेत ते अमेरिकन राहोत, नवीन कोणी येता कामा नये, असा सरकारचा पवित्रा होता. मुद्रणाची भीती सत्तेला कायमच वाटत आली आहे.

गॅरेट तेथून निघाले ते १८२१ मध्ये मुंबईला आले. मुंबईच्या अमेरिकन मिशनच्या छापखान्याची व्यवस्था त्यांनी पुढील दहा वर्षे, १८३१ मध्ये मृत्यू येईपर्यंत, पाहिली. सिलोनच्या एका गव्हर्नराची नाराजी अशी मराठी मुद्रणाच्या पथ्यावर पडली. याच छापखान्यात पुढे टॉमस ग्रॅहॅम यांनी देवनागरी खिळ्यांना सुबक वळण दिले आणि ‘निर्णयसागर’चे जावजी दादाजी यांनी लहान वयात कामाचे धडे घेतले तेही येथेच. जुन्या ग्रंथालयाच्या कपाटातील निर्णयसागरी पोथी हातात घेताना तिच्या अक्षरांच्या वंशावळीत जाफन्याहून हद्दपार झालेला एक मुद्रकही आहे, हे आठवावे.

आता हॅरिएटबाईंच्या कामाकडे वळू. जाफन्यात मुलींना शिकवण्याची रीत नव्हती. मिशनऱ्यांनी लिहून ठेवले आहे की, वाचता येणाऱ्या स्त्रिया म्हणजे देवळातील नर्तकी, त्यामुळे कुलीन घरच्या मुलीने अक्षर ओळखणे हीच बदनामी मानली जाई. मराठी मुलखातील त्या काळची समजूत याहून फार वेगळी नव्हती. मुले शाळेत येत, पण मुली येईनात. जेवू घालण्याचे, कपडे देण्याचे आमिषही चालेना, कारण परक्याच्या घरी जेवणे म्हणजे जात गमावणे.

उडुविलच्या शाळेच्या जन्माविषयी एक आख्यायिका सांगतात. मिशनच्या अंगणात खेळायला येणाऱ्या दोन लहान मुली एके दिवशी वादळी पावसात अडकल्या. घरी जाता येईना, भूक आवरेना, आणि शेवटी त्या तेथेच जेवल्या. आईबापांपुढे पेच पडला. जे व्हायचे ते होऊन गेले होते. मग मुली तेथेच शिकू लागल्या. आख्यायिकेतील तपशील किती खरा, किती रंगवलेला, हे बाजूला ठेवले तरी तिच्यातील मर्म खरे आहे. त्या मुलींनी मोठा धर्मविचार करून उंबरठा ओलांडला नव्हता. पाऊस होता, भूक होती आणि दार उघडे होते.

१८२४ साली उडुविल येथे मुलींची निवासी शाळा रीतसर सुरू झाली. आशिया खंडातील मुलींच्या आद्य निवासी शाळांत तिची गणना होते. योगायोग असा की, त्याच वर्षी मुंबईत अमेरिकन मिशनने मुलींची पहिली शाळा काढली. १८२७ मध्ये सिंथिया फरार मुंबईला आल्या, पुढे अहमदनगरला गेल्या, आणि त्यांची नगरची शाळा पाहून जोतिराव फुले यांना पुण्यात मुलींसाठी शाळा काढण्याची प्रेरणा मिळाली. उडुविल आणि नगर यांच्यामध्ये समुद्र असला तरी दोन्ही शाळांचा उगम एकच. फरक एवढाच की, पुण्यात ते काम एतद्देशीय हातांनी उचलले आणि त्याला सामाजिक समतेचा स्वतंत्र अर्थ दिला.

उडुविलच्या मुली तमिळ वाचायला शिकल्या, हिशेब शिकल्या, शिवण शिकल्या. अमेरिकेतील देणगीदार एखाद्या मुलीचा खर्च उचलत आणि मोबदल्यात तिला आपल्या माणसाचे नाव देत. अशा रीतीने जाफन्याच्या पोरी अमेरिकन नावांनी हाका मारल्या जाऊ लागल्या. या देवघेवीत एक अन्याय दडलेला आहे. अक्षराच्या बदल्यात नाव द्यावे लागणे ही लहान किंमत नव्हे. हे सांगितल्याशिवाय शाळेचे गुणगान करणे अपुरे ठरेल.

किंमत दुसऱ्या बाजूनेही मोजली जात होती. विन्स्लो दांपत्याने आपला मोठा मुलगा चार्ल्स याला शिक्षणासाठी अमेरिकेला पाठवले. मिशनरी आईबापांपुढे हा पेच नेहमीच असे. दुसऱ्यांच्या मुलांना शिकवायचे तर आपली मुले साता समुद्रांपलीकडे धाडायची. चार्ल्सचा १८३२ मध्ये तेथे अंत झाला. तो अकरा वर्षांचा होता. नंतर वर्ष उलटायच्या आत, १४ जानेवारी १८३३ रोजी, हॅरिएटबाईंनी उडुविल येथे देह ठेवला. वय छत्तीस. मायभूमी सोडून त्यांना तेरा वर्षे झाली होती आणि ती पुन्हा त्यांच्या दृष्टीस पडली नाही.

त्याच १८३३ मध्ये नवीन अमेरिकनांवरची बंदी उठली आणि ऑक्टोबरात नवी तुकडी जाफन्यास आली. तीत हॅरिएटबाईंची धाकटी बहीण एलिझाबेथ होती. पाठोपाठ आणखी दोन बहिणी आपापल्या पतींसह आल्या. त्यांतील एक, श्रीमती पेरी, आणि तिचे पती १८३७ मध्ये पटकीला बळी पडले. नॉर्विचच्या एका घरातील चार मुली या बेटावर आल्या. या घटनेला त्याग म्हणावे की अट्टहास, हे ज्याने त्याने ठरवावे. मात्र राज्यकर्त्यांचा पगारी नोकर आणि ही माणसे यांना एकाच तागडीत घालता येत नाही.

हॅरिएटबाईंच्या मागे उडुविलची शाळा स्पॉल्डिंग दांपत्याने सांभाळली. १८४० मध्ये आलेल्या एलायझा ॲग्न्यू यांनी सुमारे चाळीस वर्षे ती चालवली आणि एकदाही त्या मायदेशी गेल्या नाहीत. आजी, आई आणि नात अशा तीन पिढ्यांना त्यांनी शिकवले. लोक त्यांना हजार मुलींची आई म्हणत. शाळा २०२४ मध्ये दोनशे वर्षांची झाली.

मिरॉन विन्स्लो १८३६ मध्ये मद्रासला गेले. पुढील आयुष्यात त्यांना आणखी पत्नीवियोग सोसावे लागले. या सर्व काळात त्यांचे एक काम अखंड चालू होते, ते म्हणजे तमिळ–इंग्रजी कोशाचे. इंग्लिश चर्च मिशनचे जोसेफ नाइट यांनी जाफन्यात त्याची सामग्री जमवायला सुरुवात केली होती. नाइट यांच्या निधनानंतर हे काम अनेक हातांतून गेले आणि अखेर विन्स्लो यांच्या खांद्यावर आले. तमिळ पंडितांच्या साह्याने त्यांनी ते तडीस नेले. १८६२ साली मद्रासच्या अमेरिकन मिशन प्रेसमध्ये, फिनिआस हंट या मुद्रकाच्या देखरेखीखाली, तो कोश छापून निघाला. शब्दसंख्या सदुसष्ट हजारांवर.

मराठी वाचकाला येथे मोल्सवर्थ आठवल्यावाचून राहणार नाही. जेम्स मोल्सवर्थ यांनी कँडी बंधू आणि ब्राह्मण पंडित यांच्या साह्याने रचलेला मराठी–इंग्रजी कोश १८३१ मध्ये निघाला, त्याची सुधारलेली आवृत्ती १८५७ मध्ये. कोशकाराची भूमिका मोठी चमत्कारिक असते. विन्स्लो यांना बायबल समजावून सांगण्यासाठी शब्द हवे होते. पण कोश रचायला बसल्यावर केवळ सोयीचे शब्द घेऊन भागत नाही. शैव सिद्धान्तातील पारिभाषिक शब्द, देवतांची नावे, ज्योतिष, वैद्यक, शेती, विनोद, शिव्या, सारे टिपावे लागते आणि प्रामाणिकपणे टिपावे लागते. ज्या श्रद्धांना खोडून काढण्यासाठी हा माणूस आला होता, त्याच श्रद्धांची भाषा त्याने दीर्घकाळ शब्द-शब्द वेचून जपली. ऑक्टोबर १८६४ मध्ये मायदेशी परतताना आफ्रिकेच्या दक्षिण टोकाशी, केप टाउन येथे, त्यांचे निधन झाले.

जाता जाता एक नोंद. या दांपत्याची मुलगी हॅरिएट हिचा विवाह मद्रासमधील मिशनरी जॉन वेल्श डलेस यांच्याशी झाला. त्यांचा नातू म्हणजे अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री जॉन फॉस्टर डलेस. १९५५ च्या डिसेंबरात पोर्तुगालच्या परराष्ट्रमंत्र्यांसह काढलेल्या संयुक्त पत्रकात त्यांनी पोर्तुगालच्या आशियातील ‘प्रांतां’चा उल्लेख केला आणि गोवामुक्तीच्या चळवळीत संतापाची लाट उसळली. पणजोबांनी आशियातल्या एका भाषेचे शब्द गोळा केले आणि पणतवाच्या एका शब्दाने आशियात वादळ उठवले!

आता फलिताचा हिशेब मांडू. धर्मांतर हा मुख्य हेतू धरला, तर जाफन्यातील यश बेताचेच म्हणावे लागेल. द्वीपकल्पातील बहुसंख्य लोक शैवच राहिले. मिशनने १८२३ मध्ये वड्डुकोड्डै येथे मुलांसाठी विद्यालय काढले, डॅनिएल पूअर हे त्याचे पहिले प्राचार्य. गणित, खगोल, इंग्रजी आणि तमिळ यांचे उत्तम शिक्षण तेथे मिळे. पण विद्यार्थी धर्मोपदेशक होण्याऐवजी सरकारी नोकऱ्यांकडे वळत. १८५४–५५ मध्ये बोर्डाचे सचिव रूफस अँडरसन पाहणीसाठी आले. याच दौऱ्यात ते अहमदनगरलाही आले होते. त्यांचा निष्कर्ष कडक होता आणि १८५५ मध्ये ते विद्यालय बंद झाले. मिशनच्या खतावणीत हा खर्च बुडीत खाती गेला.

तमिळ वाङ्मयाच्या खतावणीत मात्र तो जमेला आहे. मद्रास विद्यापीठाच्या पहिल्याच बी.ए. परीक्षेत उत्तीर्ण झालेले दोघे, विश्वनाथ पिळ्ळै आणि सी. वै. दामोदरम् पिळ्ळै, याच विद्यालयाचे विद्यार्थी. दामोदरम् पिळ्ळै पुढे शैव परंपरेकडे वळले आणि ताडपत्रांवर नष्ट होत चाललेले प्राचीन तमिळ ग्रंथ शोधून, पाठ जुळवून, छापून काढण्यात त्यांनी आयुष्य वेचले. संघकालीन ‘कलित्तोगै’ त्यांनी १८८७ मध्ये प्रसिद्ध केले. दुसरे उदाहरण आरुमुग नावलर यांचे. जाफन्याच्या वेस्लियन मिशनमध्ये पर्सिव्हल यांच्याबरोबर त्यांनी बायबलच्या तमिळ भाषांतराचे काम केले. तेथेच शाळा कशी चालवायची, पुस्तक कसे छापायचे, गद्य कसे लिहायचे हे ते शिकले, आणि १८४८ मध्ये शैव शाळा व १८४९ मध्ये स्वतःचा छापखाना काढून मिशनविरुद्ध उभे राहिले. मुंबईत जॉन विल्सन यांना मोरभट दांडेकर यांनी १८३१ मध्ये छापील ग्रंथानेच उत्तर दिले आणि १८५७ मध्ये विष्णुबुवा ब्रह्मचारी यांनी समुद्रकिनाऱ्यावर पाद्र्यांशी जाहीर वाद घातले, त्याच जातीची ही घटना. जाफन्याचे ‘उदयतारकै’ हे द्वैभाषिक पत्र १८४१ मध्ये निघाले, नगरचे ‘ज्ञानोदय’ १८४२ मध्ये. दोन्हींनी वाद पेटवले आणि वाद घालता घालता दोन्ही भाषांचे गद्य घडले.

म्हणजे मिशनऱ्यांनी पुस्तक हाती दिले ते एका हेतूने, आणि लोकांनी वाचले ते आपल्या हेतूने. पुस्तक एकदा छापून वाचकाच्या हाती गेले की, त्याच्यावर लेखकाची, प्रकाशकाची वा देणगीदाराची मालकी उरत नाही. हॅरिएटबाईंनी वाचायला शिकवलेल्या मुली पुढे काय वाचतील, हे ठरवणे त्यांच्या हाती नव्हते. साक्षरतेत हा धोका असतो आणि तिचे सारे मोलही यातच असते.

या कथेचे शेवटचे पान दुःखद आहे. जाफन्यात १९३३ साली एका वाचनप्रेमी गृहस्थाने घरातून पुस्तके देण्यास आरंभ केला आणि त्यातून सार्वजनिक ग्रंथालय उभे राहिले. त्याच्या नव्या इमारतीसाठी भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन यांचे मार्गदर्शन लाभले. १९५९ मध्ये ती इमारत खुली झाली. ३१ मे १९८१ च्या रात्री वांशिक दंग्यात ग्रंथालयाला आग लावण्यात आली. सुमारे सत्त्याण्णव हजार ग्रंथ, हस्तलिखिते आणि ताडपत्रे जळून गेली. ज्या भूमीत मुलीला एक अक्षर शिकवण्यासाठी आईबापांच्या मिनतवाऱ्या कराव्या लागल्या होत्या, त्या भूमीची अक्षरसंपदा एका रात्रीत राख झाली. इमारत पुढे पुन्हा बांधली गेली, ग्रंथालय पुन्हा उघडले. परंतु ज्या हस्तलिखितांची दुसरी प्रत नव्हती, ती परत येणे नाही.

ज्यांच्या प्रती अन्यत्र होत्या, ते ग्रंथ वाचले. विन्स्लो यांचा कोश पुन्हा छापला गेला. आज शिकागो विद्यापीठाच्या संगणकीय कोशसंग्रहात तो कोणालाही पाहता येतो, आणि त्याच संग्रहात मोल्सवर्थही आहे. १८१२ च्या सागरी वणवणीतून ज्या दोन मिशनांचा उगम झाला, त्यांच्या काळातील तमिळ आणि मराठी हे दोन कोश आज एकाच छताखाली नांदत आहेत.

जुन्या मराठी ग्रंथालयांच्या कपाटांत मिशनच्या छापखान्यातील पुस्तिका असतात, ‘ज्ञानोदया’चे सुटे अंक असतात, त्यांना उत्तर देणारे वादग्रंथ असतात, कडा झडलेल्या जुन्या कोशांच्या प्रती असतात. जागेची अडचण आली की, पहिली कुऱ्हाड बहुधा यांच्यावरच पडते. कोणाला ते परधर्माचे वाटतात, कोणाला जुनाट वाटतात, तर कोणाला वाचक नसल्यामुळे निरुपयोगी वाटतात. शताब्दीच्या निमित्ताने सभासदांनी आणि आश्रयदात्यांनी एवढे करावे. अशी पुस्तके रद्दीत जाऊ देऊ नयेत, त्यांची यादी करावी आणि शक्य तितक्यांच्या प्रती काढून दुसऱ्या एखाद्या ग्रंथालयातही ठेवाव्यात. त्या पुस्तकांचा कर्ता कोणत्या हेतूने बोटीत बसला होता, याचा निवाडा इतिहासकार करतील. ग्रंथपालाचे काम ती पुस्तके पुढच्या वाचकापर्यंत सुखरूप पोचवण्याचे आहे. जाफन्याच्या राखेने हा धडा फार महाग किमतीला शिकवला आहे.